दुपारचं पाणी

११ जानेवारी

वहिनी,

नमस्कार आहेच. आधी कामाचं सांगतो, म्हणजे तुला चिडायचं असेल तर पहिल्या ओळीपासून चिडता येईल. भंगारवाला आला होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

जाताना तू दारात चप्पल घालता घालता म्हणाली होतीस, "मागचे सगळे फ्रिज त्याला देऊन टाक. मातीसकट दे. मला परत ते अंगण बघायचं नाही." मी मान हलवली होती. पण मान हलवणं म्हणजे हो म्हणणं असतं का? माझी मान दुकानात रेडिओ लागला तरी हलते.

भंगारवाला मागच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि बघतच राहिला. ओळीने उताणे पडलेले फ्रिज, दारं काढलेली, एकात पालक, एकात वांगी, दोनांत मिरच्या. म्हणाला, "हे भंगार आहे का शेत?" मी म्हटलं, हे आमच्या वहिनीचं डोकं आहे, ते विकायचं नाही.

खरंच तुझंच डोकं. दादा आणि मी पुढे दुकानात फ्रिज दुरुस्त करायचो आणि जे आमच्या हातून वाचायचे नाहीत ते मागे अंगणात पडायचे. एक दिवस तू त्यातला एक आडवा पाडलास, दादाकडून त्याच्या बुडाला भोकं पाडून घेतलीस आणि माती भरलीस. आम्ही दोघं हसलो. पहिला टोमॅटो आला तेव्हा हसणं बंद झालं, कारण तोंडात टोमॅटो होता. मग तूच आम्हाला शिकवलंस की उन्हात फरशी तव्यासारखी तापते, पण फ्रिजच्या जाड भिंतीत मुळं गार राहतात. जन्मभर फ्रिज उघडून बसलेल्या आम्हा दोघांना हे कधी सुचलं नव्हतं.

दादा गेला, मग दोन महिन्यांनी तू चिमणीकडे गेलीस, त्या बर्फाच्या देशात. मला वाटलं, बाग आपोआप मरेल आणि मला काही ठरवावं लागणार नाही. चिमणी सांगते की तिकडे एका थंड पहाटेत सगळं काळं पडतं आणि मग वसंतापर्यंत बागेला सुट्टी. इथे कुठली सुट्टी. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतं ना, फ्रॉस्ट-फ्री आहे का, तसं आपलं गावच फ्रॉस्ट-फ्री. बाग मरत नाही, नुसती बेशिस्त होते. पालक कमरेइतका वाढून बियांना आला. वांग्यांच्या झाडांवर पांढरी कीड आहे, तिला मारायला थंडी नाही, त्यामुळे ती बाराही महिने आरामात आहे. शेवटी मीच खुरपं हातात घेतलं.

चिमणी म्हणाली, "काका, आई फोनवर येत नाही, पण कागद आला तर वाचेल." म्हणून हा कागद.

मला ते अंगण ठेवायचंय, वहिनी. आणि तू परत यावीस असं वाटतं. दोन्ही एका दमात लिहायचं नव्हतं, पण लिहून झालंय आणि खाडाखोड केली की तू कागद उजेडात धरून वाचतेस.

तुझा,
कंप्रेसर

१ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. चिमणी म्हणाली, पत्र वाचलंस आणि घडी घालून उशीखाली ठेवलंस. उशीखाली म्हणजे बरंच झालं. कचऱ्याच्या डब्यापेक्षा उशी बरी.

इकडची खबर. त्या पांढऱ्या किडीवर मी दुकानातला ब्लोअर मारला, ज्याने आपण फ्रिजच्या मागच्या जाळीची धूळ उडवतो तोच. वांग्यांची पानं एकदम स्वच्छ झाली. मी खूश. आठवड्याने बघतो तर कीड मिरच्यांवर, टोमॅटोवर, शेजारच्या शिंप्याच्या जास्वंदीवरसुद्धा. परवा माझी उसवलेली पॅंट शिवायला दिली होती ती शिंप्याने तशीच परत केली.

आता खरी गोष्ट. तुझ्या फ्रिजांमधली माती कमी होतेय. थट्टा नाही करत. तू गेलीस तेव्हा काठोकाठ होती, आता वीतभर खाली गेलीय. उंदीर नाहीत, कुणी नेत नाही. मी दोन दिवस विचार केला आणि मग डोक्यात प्रकाश पडला: गळती. आपल्या धंद्यात एखादी गोष्ट हळूहळू कमी होत असेल तर ती कुठूनतरी गळतच असते. मी पोटावर पडून प्रत्येक फ्रिजच्या बुडाशी टॉर्च मारला. भोकंच भोकं. पाणी घातलं की खालून चॉकलेटी पाणी येतं, म्हणजे मातीच जातेय की वाहून. दादाने एवढा चांगला कारागीर असून तुझ्या सांगण्यावरून अशी भोकं का पाडली देव जाणे.

मी सगळी भोकं सीलंटने बंद केली. एकही सोडलं नाही. पालथं पडून केलेलं काम आहे, कोपर सोलवटलंय, पण आता थेंब गळत नाही. दादाने बघितलं असतं तर पाठीवर थाप मारली असती.

तू बरी आहेस ना? जेवतेस का? चिमणी म्हणते जेवते, पण ती लहानपणापासून तुझ्या बाजूने खोटं बोलते.

तुझा,
कंप्रेसर

१६ फेब्रुवारी

वहिनी,

चार दिवसांपूर्वी दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि फोन वाजला. चिमणीच्या नंबरवरून तुझा निरोप. इतक्या महिन्यांनी तुझे पहिले शब्द: "गाढवा, भोकं उघड आधी."

मी गिऱ्हाईकाला म्हटलं, माफ करा, घरून तातडीचं आहे, आणि ड्रिल घेऊन मागे पळालो. त्या माणसाचा फ्रिज आजही अर्धा उघडाच आहे.

तुला उशीर झाला होता हे सांगणं भाग आहे. मिरच्यांचे दोन्ही फ्रिज गेले. पानं पिवळी पडत होती म्हणून मी आणखी पाणी घालत होतो, आणि खाली तळं साचलं होतं. पहिलं भोक पाडलं तेव्हा असा वास आला की शिंप्याने खिडकी लावून घेतली. नासक्या अंड्यासारखा. झाडं उपटली तर मुळं हातात चिखलासारखी आली. मला फार वाईट वाटलं. वस्तू बिघडली तर उघडून बघता येतं, हे तर हातातच वितळलं. वांगी आणि टोमॅटो वाचले. पालक तर कशानेच मरत नाही, तो माझ्यासारखा आहे.

मग मान खाली घालून रोपवालीकडे गेलो. तुझी मैत्रीण ती, तिने आधी पोट धरून हसून घेतलं. मग समजावलं की माती गळत नव्हती, माती जेवत होती. थंड देशात पानं-काड्या हळू कुजतात, माती ते वर्षानुवर्षं पुरवून खाते. आपल्याकडे ऊन आणि ओल कायमची, त्यामुळे माती बारा महिने भुकेली. टाकलेलं सगळं फस्त करते आणि मग स्वतःच खाली बसते. म्हणाली, "तुमची वहिनी रोज काहीतरी टाकायची. सालं, पानं, चहाचा चोथा. तुम्ही काय टाकलंत?" मी म्हटलं, सीलंट.

खरं सांगू, तू रोज भाजी निवडून झाली की ते ताट घेऊन मागे जायचीस, मला वाटायचं कचरा टाकायला जातेस.

आता मीही टाकतोय. रस्त्याकडेची वाळकी पानं पोत्याने गोळा करतो. लोक विचारतात, दुकान बंद केलं का. शिंप्याने सुती कपड्यांच्या चिंध्या दिल्या, पानांवर अंथरायला, म्हणजे त्याचा राग गेला असावा. शिंप्याची बायको विचारत होती, वहिनी कधी येणार. मी म्हटलं, परवाच बोलणं झालं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही.

मला गाढव म्हण, बैल म्हण. पण म्हणत राहा.

तुझा,
कंप्रेसर

१९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचलं.

तू लिहितेस की तिकडच्या बागेत गेलीस, जावईबापूंची कुदळ घेतली आणि मारली, तर टणकन आवाज आला. जमीन दगड झालेली. आणि तुला बरं वाटलं. जमीन बंद आहे, आणि सगळे म्हणतात, असू दे, तिची वेळ आहे. इकडे तुला रोज कुणीतरी विचारायचं, आता बरं वाटतंय का, थोडं बाहेर पड, काहीतरी लाव. तुला काही लावायचं नव्हतं. हे मला कळलं. उशिरा कळलं, पण माझं सगळंच उशिरा असतं हे तू मी पोरगेला होतो तेव्हापासून बघतेयस. मी शाळेची चड्डी घालत होतो तेव्हा तू या घरात आलीस आणि पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतंस, हा मुलगा नेहमीच असा घुरघुरतो का? तेव्हापासून मी कंप्रेसर.

आणि तू लिहितेस की आता बर्फ वितळलाय. माती काळी आणि ओली झाली, तू हात घातलास, आणि दादा गेल्यावर पहिल्यांदा रडलीस, तिथेच बसून, चिमणी घाबरेपर्यंत. रडलीस ते बरं झालं. मी इथे नव्हतो रडलो का, पण मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचो, त्याला काही अर्थ नाही.

मग तिसऱ्या पानावर तू तो प्रश्न विचारलायस.

"मी त्या दिवशी माहेरी होते आणि तू तिथे होतास. सगळ्यांनी मला सांगितलं, क्षणात गेले. मी तुला विचारलं नाही आणि तू मला सांगितलं नाहीस. त्यानंतर दोन महिने आपण एका टेबलावर जेवलो आणि तू दर वेळी ताटात बघत होतास. मी त्या अंगणापासून नाही पळाले. तुझ्या त्या बघण्यापासून पळाले. सांगण्यासारखं काही असेल तर सांग. नसेल तर नाही म्हण, म्हणजे मी ते दार लावून घेईन."

वाचून पत्र खिशात ठेवलं, काढलं, परत वाचलं. दिवसभर एकही काम धड झालं नाही.

चौथ्या पानावर उन्हाळ्याच्या सूचना आहेत, एखाद्याने अर्ध्या वाक्यात विषय बदलावा तशा. माती उघडी ठेवायची नाही, चार बोटं पानं तरी हवीत. ज्या फ्रिजमध्ये मिरच्या कुजल्या तिथे या वर्षी मिरची नको. आणि खाली दोन रेघा मारून: "दुपारी पाणी घालायचं नाही. उन्हात रोपं माना टाकतात, टाकू देत. संध्याकाळी आपली आपण उठतात. तुम्हा दोघांना हे कधी कळलं नाही."

दोघांना, असं लिहून गेलीस.

वहिनी, मी उत्तर देणार आहे. आज जमत नाही. अंगण रिकामं करायचं म्हणालीस तर उद्या भंगारवाल्याला बोलावतो, त्यावर आता माझा हट्ट नाही. पण दुसरं उत्तर द्यायला मला थोडा वेळ दे. नाही म्हणत नाहीये, एवढं नक्की समज. दार लावू नकोस.

तुझा,
कंप्रेसर

६ एप्रिल

वहिनी,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं आहे, आणि हे वाईट झालं तरी पाठवणार आहे.

तू माहेरी गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. ऊन असं की कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेने चालत होती. जेवण झालं, दादा म्हणाला, जरा मागे बघून येतो. मी म्हटलं, आत्ता? तो म्हणाला, नुसतं बघतो. नुसतं बघतो म्हणजे काय ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझी टोमॅटोची नवी रोपं होती, भिंतीकडच्या फ्रिजमध्ये, आणि दुपारी ती अशी लोळायची की बघवत नव्हतं. तू सांगून गेली होतीस की हात लावायचा नाही. सांगून थांबली नाहीस, तू त्याला ओळखत होतीस, म्हणून पाइप कपाटात कुलपात ठेवलास आणि झारी लपवून गेलीस.

थोड्या वेळाने मी मागे गेलो तर दादा एका जुन्या फ्रिजचा भाजीचा ट्रे दोन्ही हातांनी धरून नळाकडून येतोय. काठोकाठ पाणी, अर्धं पायजम्यावर. मला बघून दचकला आणि मग हसायला लागला. म्हणाला, "झारी लपवली म्हणून काय झालं? आपण फ्रिजवाले आहोत." रोपांना पाणी घातलं, अगदी हळू, एकेकाच्या बुडाशी. मग फ्रिजच्या काठावर बसला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस हां. ओरडेल."

मी म्हटलं, मी कशाला सांगतोय.

तो अजून हसत होता. मग त्याने हात छातीवर ठेवला, जरा त्रासून, पेन कुठे ठेवलं आठवत नसल्यासारखा, आणि माझ्या बाजूला कलला. मी धरला त्याला. खाली पडू दिला नाही, वहिनी. तो पडला नाही, हे तुला कुणी सांगितलंय का? माझ्या हातात होता. मी हाका मारल्या, शिंपी भिंतीवरून उडी मारून आला, त्याच्या गाडीतून नेलं. पण तेवढ्यात झालं होतं. क्षणात गेले असं सगळे म्हणतात ते खोटं नाही. फक्त त्या क्षणाच्या आधी हे एवढं होतं.

सांगितलं का नाही विचारशील. पहिल्या दिवशी सांगणार होतो. तू आलीस, दारातच बसलीस आणि एकच म्हणत राहिलीस, मी त्यांना किती बोलायचे, सारखी बोलायचे. मला वाटलं, आता जर सांगितलं की त्याचं शेवटचं वाक्य "वहिनीला सांगू नकोस, ओरडेल" असं होतं, तर तू जन्मभर हेच धरून बसशील की माणूस मला भिऊन गेला. आणि दुसरं म्हणजे त्याने सांगू नको म्हटलं होतं. हसू नकोस, पण मला ते मोडवत नव्हतं. त्याने मला सांगितलेलं शेवटचं काम होतं ते.

पण तू विचारलंस, आणि मी खूप विचार केला, आणि मला वाटतं तुला हे माहीत असलं पाहिजे की तो भ्यालेला नव्हता. मी समोर होतो. शाळा बुडवून आंबे पाडून आलेल्या पोरासारखा चेहरा होता त्याचा. तुझ्या ओरडण्याची त्याला मजा वाटायची. तू संध्याकाळी येऊन माती बोटाने उकरशील, कुणी पाणी घातलं म्हणून विचारशील, तो माझ्याकडे बोट दाखवेल, मी त्याच्याकडे दाखवीन, हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच चालू झालेलं होतं. तो घरातून गेला तो तुझ्याशी लपंडाव खेळत गेला. याहून जास्त मी काही सांगू शकत नाही, कारण याहून जास्त काही झालं नाही.

एक राहिलं. त्या संध्याकाळी हॉस्पिटलमधून मी कागद न्यायला घरी आलो होतो. का कुणास ठाऊक, आधी मागे गेलो. ती रोपं सगळी उभी होती. एकूण एक, ताठ. त्याच्या पाण्याने उठली का आपली आपण, मला सांगता येत नाही. तू म्हणशील आपली आपण. तुझंच बरोबर असेल. मी मात्र त्यांच्यापुढे उभा राहून ओक्साबोक्शी रडलो, आणि त्या वेळी नळसुद्धा सोडला नव्हता.

आता झालं सांगून. मी त्याला दिलेला शब्द मोडलाय, त्याबद्दल तो वर भेटल्यावर मला काय बोलायचं ते बोलेल. तुला ओरडायचं असेल तर तूही ओरड. दादावर ओरड, माझ्यावर ओरड, या घरात इतके महिने कुणी कुणाला ओरडलेलं नाही आणि घर असं गप्प बरं नाही दिसत.

भंगारवाल्याला मी बोलावणार नाही आणि परतही पाठवणार नाही. ते तू ठरवायचं. सगळे फ्रिज जाऊ देत म्हणालीस तर मी स्वतः उचलून त्याच्या गाडीत घालीन.

तोवर पानं अंथरून ठेवलीत, चार बोटं. मोजून. दुपारी रोपं माना टाकतात आणि मी दुकानात पाठ करून बसतो. फार जड जातं. संध्याकाळी घालतो पाणी, तेही भाजीच्या ट्रेनेच, कारण सगळं घर पालथं घातलं, माळा झाला, पलंगाखाली झालं, तुझी ट्रंकसुद्धा उघडली, माफ कर, पण ती झारी तू कुठे लपवून गेलीस ते आजतागायत सापडलेलं नाही.

पत्राने कळवू नकोस. येऊन काढून दे.

तुझा,
कंप्रेसर